बटलरकाकांची तांबडी वाइन

अख्ख्या नगरात खरी जीभ एकाच माणसाला होती, आणि ती मिळाल्याबद्दल तो रोज देवाकडे तक्रार करत असे. आमच्या गल्लीतले हे बटलरकाका कॅम्पातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पंचवीस वर्षं वाइन वाढत होते. गोरे गेले, मेस बदलली आणि काका तांबडी वाइन न पिणाऱ्या, आम्हां चहाबाजांच्या शहरात एकटे पडले. चांगली वाइन एकट्यानं पिणं म्हणजे त्यांना भिंतीशी बोलण्यासारखं वाटे. शेजारी बसून घोट घेणारा आणि काय लागलं ते सांगणारा एक तरी माणूस मरायच्या आत भेटावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाच्या वेळी वाइनऐवजी मनुका भिजवलेलं पाणी मिळे. काका तो इवलासा पेला खिडकीच्या उजेडात धरत, हुंगत आणि असा उसासा टाकत की पाळकसाहेबांची प्रार्थना चुकायची. लग्नाघरी त्यांना सरबताचं काम दिलं की लिंबाच्या सरबतावर चमचा पालथा धरून ते आमसुलाचं सरबत थेंबाथेंबानं सोडत. खाली पिवळं, वर तांबडं! लढाईच्या दिवसांत एका अमेरिकन कॅप्टननं व्हिस्की, लिंबू, साखर आणि वर तांबडी वाइन असं कॉकटेल त्यांना शिकवलं होतं, त्याची ही आठवण. वऱ्हाडी मात्र पेला ढवळून सगळं एक करत आणि काकांच्या डोळ्यांत पाणी येई. "मास्तर, ह्या लोकांचं काय बी व्हनार न्हाई," ते मला म्हणत.

शेवटी शिष्य म्हणून त्यांनी मला धरलं. त्यांच्याकडे कर्नलसाहेबांनी जाताना दिलेली एकच बाटली उरली होती आणि दारूबंदी तर दारात येऊन उभी होती. काकांच्या घरावर पत्रा, उन्हात तापणारा. म्हणून बाटली आमच्या माठाखालच्या ओल्या वाळूत आडवी निजवली. थंडी पडली की अर्धी नुसती प्यायची, उरलेल्या अर्ध्यात सोडा, लिंबू नि काकडीच्या चकत्या घालून मेसमधला क्लॅरेट कप करायचा, असं ठरलं. "द्राक्षांचं हाय, जपा," एवढंच त्यांनी आमच्या मंडळींना बजावलं.

मंडळींनी जपलं. वाळूच्या ओलीनं बाटलीवरचा नावाचा कागद गळून पडला होता. द्राक्षांचं, काळपट, बाटलीतलं, म्हणजे द्राक्षासवच, असं त्यांनी शांतपणे ठरवलं. पळीच्या दांड्यानं बूच आत ढकललं आणि जेवणानंतर दोन-दोन चमचे, असं चार दिवसांत गल्लीतल्या समस्त बायकांना पाजलं. मला कळलं तेव्हा बाटली धुऊन पालथी घातलेली होती.

हे मी काकांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "कुनाला कशी लागली, इचारलं का?" मग ते खरंच घरोघर विचारत फिरले, मी मागे मागे. कुणी म्हणे कडू, कुणी म्हणे पोट साफ झालं. प्रत्येक दारागणिक काका थोडे खचत होते.

शेवटी उरली कडुनिंबाखाली भाजी विकणारी म्हातारी. तिला खोकल्यावर चमचे मिळाले होते. ती म्हणाली, "पयल्यांदा जिभंला धरतंय. मंग घोट गेला की जांभूळ. आन लई येळानं, तापल्या रानात पाट सोडल्यावर येतो ना, तसा मातीचा वास."

काका मेथीच्या जुड्यांशेजारी मातीतच बसले. "मास्तर, हे मातीचं कर्नलसायबाला बी कळत न्हवतं," ते म्हणाले. इतके दिवस शोधलेला माणूस हाताच्या अंतरावर बसला होता आणि बाटली रिकामी होती. मला तेव्हा माझी, मंडळींची, सगळ्या गल्लीची लाज वाटली.

"अजून हाय का वो थोडं?" म्हातारीनं विचारलं.

"हाय की," काका म्हणाले. "आनतो."