उमाचे उघडे तळहात

पडदा वर जातो तेव्हा समोर ओले हिरवे मैदान आहे. मागे डोंगर, त्यांचे माथे ढगात बुडालेले. डावीकडे देवदारांची रांग, उजवीकडे लोखंडी पायऱ्यांवर साठ-सत्तर माणसे, हातात कॉफीचे कागदी पेले. मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन, गाव कॅनडातले कोक्विटलाम. मैदानाच्या मध्यभागी हेल्मेट घातलेल्या बायका एकमेकींसमोर वाकून उभ्या आहेत. आपल्या बाजूच्या पुढच्या रांगेत पाचजणी. त्यांतली डाव्या टोकाची, सर्वांत बुटकी आणि सर्वांत रुंद, ती उमा घोरपडे. वय त्रेचाळीस.

मी पायऱ्यांच्या कडेला चाकाच्या खुर्चीत आहे. मैदानासमोरच्या वृद्धनिवासात मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि उमा तिथे केअर एड आहे. सकाळी मला उठवते, मोजे चढवते आणि मी जुन्या नाटकातले एखादे भाषण सुरू केले की म्हणते, "नाना, आधी गोळी, मग टाळ्या."

ती इचलकरंजीजवळच्या गावची. लग्नाआधी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची. डावा कोपरा सांभाळायची. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात आला की सुटत नसे. लग्नानंतर कबड्डी संपली. नवरा मोहन ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस आल्बर्टाच्या रस्त्यावर असतो. घराचा बेसमेंट त्यांनी ऊर्मीला भाड्याने दिलेला. ऊर्मी नागपूरची, चोवीस वर्षांची, इथे कॉलेज करून आता एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. शाळेत धावण्याच्या शर्यती जिंकायची. इथे आल्यावर तिला बायकांच्या फुटबॉल संघाने उचलले. फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला. अमेरिकेत आहे तोच, फक्त कॅनडात मैदान मोठे आणि प्रत्येक बाजूला एक खेळाडू जास्त.

ऊर्मी रिसीव्हर. तिचे काम पुढे पळत जायचे आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. फेकणारी ती क्वार्टरबॅक. समोरच्या बायका त्या क्वार्टरबॅकला आडवी करायला धावून येतात, आणि त्यांना थोपवायला पुढची पाचजणींची रांग असते. मागच्या वर्षी या रांगेतल्या दोघी गाव सोडून गेल्या. संघाला रुंद बायका मिळेनात. तेव्हा ऊर्मी एका रात्री जेवताना म्हणाली, "ताई, तुम्ही कबड्डी खेळत होत्या ना? मग या ना आमच्याकडे. थांबवायचंच तर आहे."

मोहनला फोनवर हे कळले तेव्हा तो म्हणाला, "मला घरात तेवढं हेल्मेट घालून वाढू नको."

उमा गेली, आणि पहिल्या तीन सामन्यांत जे व्हायचे ते झाले. या खेळात समोरचीला तळहाताने थोपवता येते, पण मूठ मिटून कपडा किंवा हात धरला की पंच पिवळा रुमाल टाकतो. दहा यार्ड मागे, आणि तेवढ्यात जे मिळवले असेल ते रद्द. उमाच्या हातांना मात्र वीस वर्षांपूर्वी एकच गोष्ट शिकवलेली होती. आली की धर. ती धरायची, रुमाल पडायचा. मग रुमालाच्या भीतीने तिने हात लावणेच सोडले आणि समोरच्या बायका तिच्या बाजूने दारातून आल्यासारख्या आत येऊ लागल्या.

त्याचे भोग ऊर्मीच्या वाट्याला आले. लांब पळून, वळून, चेंडूसाठी मोकळी व्हायला तिला साडेतीन सेकंद लागत. क्वार्टरबॅकला मिळत दोन. ऊर्मी मागे वळून पाही तोवर चेंडू फेकणारी चिखलात. मोरीन नावाच्या कोचने शेवटी लांबचे चेंडू बंदच केले. दुसऱ्या एका रिसीव्हरला रांगेच्या मदतीला मागे ठेवले आणि ऊर्मीला पाच-सहा पावलांवर वळायला सांगितले. मग समोरच्यांनाही कळले की चेंडू जवळच येणार. त्या सगळ्या तिथेच घोळका करून उभ्या राहू लागल्या. संघातली सर्वांत वेगवान मुलगी पाच-सहा पावलांच्या अंगणात कोंडली गेली.

प्रेक्षक ऊर्मीलाच नावे ठेवत. माझ्या शेजारचा एकजण म्हणाला, "फास्ट आहे, पण हातात काही नाही." मीही थोडा तसाच विचार करत होतो, हे कबूल केले पाहिजे. मला आमच्या नाटक कंपनीतला सामान सांभाळणारा दीनानाथ आठवायला हवा होता. जळगावच्या प्रयोगात दिवाणखान्याच्या भिंतीचा टेकू निसटला, आणि दीनानाथ संपूर्ण दुसरा अंक ती भिंत मागून पाठीवर पेलून उभा राहिला. टाळ्या मी घेतल्या. भिंत पडली असती तर शिव्याही मलाच बसल्या असत्या.

चौथ्या सामन्यात मोरीनने एकदाच जुगार खेळला. ऊर्मी लांब पळाली, चेंडू आला, तिने झेलला आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेली. पायऱ्यांवरची माणसे उभी राहिली. मग कोणीतरी मागे बोट दाखवले. उमाच्या पायाशी पिवळा रुमाल पडला होता. तिच्या मुठीत समोरचीच्या जर्सीची बाही होती. सगळे रद्द.

पुढच्या रविवारी हंगामातला शेवटचा सामना, आणि प्रांताच्या संघाचे निवडकर्ते तो बघायला येणार होते. ऊर्मी दोन वर्षे त्या दिवसाची वाट बघत होती. या हंगामात लांबून झेललेला एकही चेंडू तिच्या नावावर नव्हता.

घरी उमाने ऊर्मीचा डबा खाली नेऊन ठेवला तर तो तसाच वर आला. सोमवारी माझे मोजे चढवताना उमा म्हणाली, "नाना, मी ह्यातून बाहेर पडतेय. पोरीचं वाटोळं करून कसला खेळ?"

"मग रांगेत उभं कोण राहील?"

"ते मोरीन बघंल की. हात आपोआप मिटतोय माझा. मी काय करू?"

याचे उत्तर आमच्या मजल्यावरच्या हॅलोरनसाहेबांनी दिले, त्यांच्या नकळत.

हॅलोरनसाहेब आयुष्यभर फेरीबोटीवर खलाशी होते. आता शहाऐंशी वर्षांचे, स्मरणशक्ती गेलेली, खांदे अजून दाराएवढे. रोज दुपारी चार वाजले की त्यांची बोट सुटायची वेळ होते आणि ते मजल्याच्या बाहेरच्या दाराकडे निघतात. अशा माणसाचा हात धरला की तो घाबरतो आणि मारतो. म्हणून उमा त्यांना धरत नाही. ती त्यांच्या आणि दाराच्या मधे जाते, गुडघे वाकवते, दोन्ही उघडे तळहात त्यांच्या छातीवर टेकवते आणि लहान लहान पावलांनी मागे सरकत राहते. ते डावीकडे वळले की तीही डावीकडे. जोर त्यांचा, दिशा हिची. दार येईपर्यंत साहेब अर्धे वर्तुळ फिरून जेवणघराकडे तोंड करून उभे असतात. "बोट लेट आहे, डिअर," उमा त्यांना इंग्रजीत सांगते, "तोवर चहा घेऊ."

मंगळवारी ऊर्मी सरावाची किटबॅग घेऊन आमच्या मजल्याच्या दारात उभी होती. संघ सोडतेय असे उमाने तिलाही कळवले होते; ते तिने स्वतः मोरीनला सांगावे, एवढ्यासाठी ऊर्मी आली होती. चार वाजले. हॅलोरनसाहेब निघाले, उमा मधे गेली, तळहात टेकले, पावले सरकली. ऊर्मीने किटबॅग खाली टाकली.

"ताई! हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"काय म्हणजे? ह्यांना चहाला नेतेय."

"अहो बाप्पा, हेच तर पाहिजे! मोरीन दोन महिन्यांपासून हेच सांगून राहिली!"

"ह्यांना धरलं तर लागंल की गं. म्हातारं माणूस हाय."

"मग त्या सगळ्यांना म्हातारं समजा!"

त्या आठवड्यात रोज, उमाची कामाची पाळी संपल्यावर, दोघींनी आमच्या मागच्या अंगणात सराव केला. ऊर्मी अंगावर धावून यायची, उमा मागे सरकायची. सेकंद मोजायचे काम माझ्याकडे आले. स्टॉपवॉच नको म्हणालो. रंगमंचावरचा विराम मी आयुष्यभर मनातल्या मनात मोजला आहे. बुधवारी उमाची मूठ दुसऱ्याच सेकंदाला मिटली. गुरुवारी चारदा मिटली. शुक्रवारी एकदाच.

"हॅलोरन!" ऊर्मी तेवढ्यात ओरडायची, की मूठ उघडायची.

तर रविवार, दुपारचे दोन. निवडकर्ते दोन, टोप्या घातलेले, मांडीवर वह्या. पहिल्या अर्ध्यात मोरीनने जवळचेच चेंडू खेळवले. उमाच्या बाजूने फक्त एकजण आत शिरली. रुमाल एकही नाही. चारपैकी तिसऱ्या भागाच्या अखेरीस मोरीनने ऊर्मीला काहीतरी सांगितले आणि ऊर्मीने रांगेकडे वळून नुसता तळहात दाखवला.

चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात आला. सगळी माणसे ऊर्मीकडे बघत होती, मी उमाकडे. समोरची उंच होती, तिने खांदा घातला. उमा एक पाऊल मागे. एक. समोरची बाहेरून वळली, उमा तिच्यासोबत. दोन. समोरचीने हात झटकला, आणि मला इतक्या लांबून दिसले की उमाचा उजवा हात मिटायला निघाला. बोटे आत आली. तिथेच थांबली. पुन्हा उघडली. तीन. दोघी अर्धे वर्तुळ फिरल्या, क्वार्टरबॅक त्यांच्यामागे उभी, कोरडी. साडेतीन झाले, चार होत आले. मग चेंडू सुटला.

झेल मी पाहिला नाही. पायऱ्यांवरच्या आवाजावरून कळला. मी गवतावर पिवळे काही शोधत होतो. काही नव्हते.

ऊर्मीने त्या दिवशी असे दोन झेल घेतले. सामना आपण पाच गुणांनी हरलो. निवडकर्ते वह्या मिटून गेले. गुरुवारी ऊर्मीला ईमेल आली की प्रांताच्या शिबिराला ये. उमाला कोणाची ईमेल आली नाही आणि ती यायची तिने वाटही पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी बेसमेंटमधून डबा रिकामा, धुऊन वर आला, एवढे तिने मला सांगितले.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या खोलीत चादर बदलत होती. मी विचारले, "उमा, पुढच्या वर्षी खेळणार का? मोरीन विचारत होती."

तिने उशीचा अभ्रा अर्धा चढवला आणि घड्याळाकडे पाहिले. चार वाजत होते. बाहेर पावले वाजली. जड, ठाम, दाराकडे जाणारी. उशी माझ्या मांडीवर ठेवून ती निघाली.

"थांबा नाना, आधी ह्यांना बोटीवरनं परत आणते."