सहा अर्धे ग्लास

टॉवेलच्या कारखान्यात मी मुकादम. शाळा चौथीपर्यंत, पण मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. दोन चांगले विणकर काम सोडून गेले तेव्हा मालक म्हणाला, "तिसरा गेला तर तुमीबी घरी बसा." तेव्हापासून जिवाला घोर. चूक माझी, हे मात्र पटत नव्हतं.

फाटकासमोर एक बाई चहा विकते. नाव कधी विचारलं नाही. ग्लास विसळताना नजर खाली, पण ध्यान सगळीकडं. एकदा मी नेहमीसारखा गरजलो, "चला, माग थांबल्यात!" चहा पीत बसलेले सहाही विणकर उठून आत गेले. तिनं सहा ग्लास माझ्यापुढं मांडले. सगळ्यांत अर्धा चहा तसाच.

"मुकादम, तुमी आला की रोज असंच. माझा चहा वाईट हाय व्हय?"

"मागाच्या खडखडाटात वरडायची सवय हाय, बाई."

"मग हितं कुटं माग हायत?"

लई राग आला. तरी दुसऱ्या दिवशी जाऊन गप्प बाकावर बसलो. मला बघताच पाच जण सवयीनं उठले. एक म्हातारा विणकर बसून राहिला. माझी जीभ वळवळत होती, दातांखाली दाबून धरली. त्यानं सावकाश ग्लास रिकामा केला आणि विचारलं, "मुकादम, तब्येत बरी हाय न्हवं?"

बाई ग्लास विसळत होती. मान वर केली नाही, पण हसत होती.