मिस्टरांची सही

कादंबरीतली बाई नवऱ्याचं घर सोडून निघाली की तुम्हाला रडू येतं ना? येऊ दे. रडण्यावर कर नाही. अशा रडणाऱ्या बायकांनी भरलेल्या एका हॉलमध्ये मी गेल्या आठवड्यात बसून आले, आणि तेव्हापासून तोंडाची कडू चव जात नाहीये. तिथे काय झालं ते कळायला आधी आमची मास्तरीण कळायला हवी.

आमच्या शर्टाच्या कारखान्यात शेवटची खोली फिनिशिंगची. तिथे मशीन नाही. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते दोरे कापायचे, डाग बघायचा, घडी घालायची. हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून बायकांनी आपसांत ठरवून टाकलं, एकीने वाचायचं आणि तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्यांनी उरकायचे. सुपरवायझरने आधी डोळे वटारले. काम वेळेआधी संपतंय म्हटल्यावर बहिरा झाला.

वाचणारी ती मास्तरीण, नाव आम्हीच पाडलेलं. शाळा अर्धवट सुटलेली, पण वाचायला लागली की कात्र्यासुद्धा हळू चालायच्या. तिचा नवरा वायरमन. दारू नाही, मारहाण नाही, म्हणून आख्खी गल्ली त्याला देवमाणूस म्हणते. हा देवमाणूस जेवायला बसला की हिने समोर उभं राहून पेपर वाचायचा. कंटाळा आला की तोंडात घास असतानाच तो म्हणणार, "बंद." वाक्य कुठेही असो. पाहुण्यांना सांगायचा, "आम्ही रेडिओ विकत नाही आणला, लग्न करून आणला." पाहुणे खिदळायचे. तीही हसायची, चहा आणायला आत जायची.

वाचनालयाच्या महिला वाचक मंडळाने कारखान्याला जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांची भाषांतरं भेट दिली, तीच आमच्याकडे वाचली गेली. मोठमोठी घरं, पियानो, आणि खिडकीशी उसासे टाकणारी बाई. आमच्या बायका कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत.

"हिला निघायचंय म्हणे. पोरांना कोण बघतंय?"

"मोलकरीण आहे की."

"मग त्या मोलकरणीला कधी निघायचंय? ते लिहिलंय का?"

"तिला पान नाही गं. ती नुसती दार उघडते आणि जाते."

शेवट तर विचारूच नका. एकीला पाण्यात घातली, एकीला तापात, तिसरीला परत आणून नवऱ्याच्या उशाशी बसवली. सगळ्यांत वयस्कर आत्या दोरा तोडत म्हणाली, "घर सोडायला दीडशे पानं आणि मरायला दीड! मधे कुठे नोकरी-बिकरी करू दिली का बिचारीला?" खोलीभर हशा. मास्तरीण तेवढी हसली नाही. पुस्तक मांडीवर उघडंच ठेवून बसून राहिली.

त्याच आठवड्यात नवरा जेवताना म्हणाला, "बंद." ती थांबली नाही. वाक्य पूर्ण केलं, बातमी पूर्ण केली, पेपरची घडी घालून त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि पिशवी उचलून धाकट्या बहिणीकडे गेली. भांडण नाही, एक भांडं फुटलं नाही. बहिणीचं घर दोन खोल्यांचं. हिची पथारी ओट्याखाली. बहिणीच्या नवऱ्याने पहिल्याच सकाळी ऐकवलं, "मेव्हणी महिनाभर शोभते, पुढे नाही." महिन्याच्या आत खोली मिळाली नाही, तर परत त्या ताटासमोर उभं राहायचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच मंडळाचं आमंत्रण आलं. विषय होता अमेरिकन कादंबरीतल्या स्त्रीचा मुक्तीचा शोध. शेवटचं प्रकरण एका कामगार भगिनीने वाचावं, अशी त्यांची इच्छा. मास्तरीण वाचत गेली आणि हॉलमध्ये रुमाल निघाले. अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकांनी, चष्मा काढून डोळे पुसले. "तिला फक्त स्वतःचं एक दार हवं होतं हो," असं माईकवर म्हणाल्या. याच बाईंच्या बंगल्यामागे वेगळ्या जिन्याची खोली रिकामी आहे. फाटकावर पाटी आहे, आम्ही येताना वाचली होती.

चहाच्या वेळी मास्तरीण त्यांच्याजवळ गेली. "बाई, मागची खोली मला हवीये. पगार नियमित आहे."

"अय्या, तुम्हाला? अहो, द्यायचीच आहे. मिस्टर काय करतात?"

"वायरमन आहेत. पण मी एकटी राहणार. घर सोडलंय मी."

चमचा कपातच थांबला. "सोडलंय म्हणजे, रागावून?"

"नाही. सोडलंय."

"माझं स्वतःचं काही नाही हो. पण आमचे हे असतात, दीर येऊन-जाऊन असतात. उद्या कुणी बोललं तर? तुम्ही असं करा, मिस्टरांची एक सही आणा. नुसती संमती. मग प्रश्नच नाही!"

जिचा रुमाल अजून ओला होता अशी एक पुढे सरसावली. "थोडं जुळवून घ्यावं गं. मारतो का तो? नाही ना?"

"मग आधी मारायला सांगून येऊ का त्याला?"

 कुणीतरी घाईघाईने बिस्किटांची बशी पुढे केली. मास्तरीण ती मागे सारून म्हणाली, "ही तुमच्या नायिकेला द्या. ती मेलीय, तिला खोली लागत नाही."

त्या देवमाणसाचा मला राग येतो. पण या बायकांची किळस येते. तो निदान तोंडावर "बंद" म्हणतो. या आधी टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात, मेलेल्या बाईला मुक्त म्हणतात, आणि जिवंत बाई दिसली की नवऱ्याची सही मागतात.

त्यानंतर आम्ही दारोदार फिरलो. दार उघडलं की पहिला प्रश्न, "मिस्टर?" एकाला मात्र एकटीच हवी होती. "अधूनमधून चौकशीला येत जाईन," म्हणाला, डोळे बारीक करून. मास्तरीण त्याच्या उंबऱ्यावर थुंकली आणि जिना उतरली. तिच्या नवऱ्याचा निरोप काल आला, "राग उतरला की पाठवून द्या, पेपर साचलेत."

महिना संपत आलाय. बहिणीच्या नवऱ्याने तिची पिशवी ओट्याखालून काढून दाराजवळ ठेवलीय. पायात येते, म्हणाला.

तेव्हा तुमच्याकडे रिकामी खोली असेल, तर आजच आमच्या कारखान्याच्या युनियनच्या ऑफिसात सांगा. लहान चालेल, पाणी खालून भरावं लागलं तरी चालेल, आतून कडी मात्र धड लागली पाहिजे. भाडं तिच्याकडून घ्या, आणि सहीही तिचीच घ्या.