पाळ फुटली तेव्हा

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. त्यांच्यावरच मी अक्षरं गिरवली. ‘जबाबदार कोण?’ हा त्यांचा मथळा मला आजही पटतो. सत्तेला तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण दोन हजार सालच्या आसपास, कुरखेड्याजवळच्या एका गावात, हा प्रश्न बाजूला ठेवून माणसं कशी उभी राहतात ते मी पाहिलं.

त्या गावाच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, लोकांनी उन्हाळ्यात स्वतःच दुरुस्त केली होती. पाणी शेतकऱ्यांच्या धानाला, मासे मासेमार ढिवरांना. कामाची पुढारी एक ढिवर बाई. एकमेकांशी फारसं न बोलणारे शेतकऱ्यांचा आणि ढिवरांचा असे दोन्ही मोहल्ले तिनंच घरोघरी फिरून एका कामावर आणले होते. मी शेजारच्या गावात संघटनेचं काम करायचो आणि तिथे माती वाहायला जायचो.

भादव्यात एका दुपारी नवी भरलेली जागाच खचली. तलावात सोडलेली मासोळी तेव्हा जेमतेम बोटभर झाली होती. ती वाहून गेली तर ढिवरांचं वर्ष बुडणार, तलाव रिता झाला तर धान वाळणार. बाईनं भगदाडाच्या तोंडाशी खुंटे ठोकून जाळं लावलं आणि मागून माती टाकायला सांगितली. जाळ्यात काटक्या, शेवाळ अडकलं, आणि ते मधोमध फाटलं.

मग जुंपली. खुंटे कच्चे ठोकले, असं शेतकरी म्हणाले. उन्हाळ्यात कोरडी माती दाबली ती तुम्हीच, असं ढिवर म्हणाले. एक शेतकरी तर फावडं टाकून घराकडे निघाला.

बाईनं फाटकं जाळं पाळीवर ओढून पसरलं आणि सगळ्यांना त्याच्याभोवती बसायला सांगितलं. शेतकऱ्यांनासुद्धा.

“जाळं कोनाच्या हातात फाटलं, हे आमच्यात इचारत नाई,” ती म्हणाली. “ज्यानं ज्यानं ओढलं, तो शिवाले बसते.”

निघालेला शेतकरी थबकला. “बाई, आमाले नांगर समजते. हे सुईचं काम कोनाले येते?”

“मंग दोरा धर, भाऊ. बैल बांधता, दोरा त धरता येते ना?”

लोक हसले. तो परत येऊन बसला.

पाणी वाहत होतं आणि माणसं शिवत होती. माझा जीव टांगणीला लागला होता. पण इतके हात एका जाळ्यावर पडले की भोक बघता बघता मिटत गेलं, आणि शिवता शिवताच बोलणं वळलं. कुंपणाचे बांबूचे ताटवे आणून लावू, असं एकजण म्हणाला. पलीकडची चिकणमाती खणू, असं दुसरा. मग बाईनं कामं उलटी वाटली: शेतकरी पाण्यात उतरून जाळं धरतील, ढिवर माती वाहतील. एकमेकांचं काम अंगावर आल्यावर कुणाला टोमणा मारायला तोंड उरलं नाही. एवढी मोठी गोष्ट इतक्या शांतपणे होताना मी कुठल्याही सभेत पाहिली नव्हती.

जाळ्यामागे ताटवे आणि चिकणमाती बसली, आणि दिवस मावळायच्या आत धार थांबली. तलाव बराच उतरला होता, थोडे मासे गेलेच होते. खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, यंदा पाणी पुरणार नाही, हे बाईनं स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. त्या बांध्यांच्या मालकांना ढिवरांच्या वाट्यातले मासे मिळतील, असंही सांगितलं. ढिवरांपैकी कुणी हरकत घेतली नाही. चिखलानं माखलेले दोन्ही मोहल्ले पाळीवर बसून राहिले. समोर उरलेल्या पाण्यात बोटभर मासोळ्या उसळत होत्या.