साड्यांच्या गाठी कोणी मारल्या

भांडी बाजाराच्या तोंडाशी असलेलं नवरंग भांडार बंद पडलं, तेव्हा रोहिणी पगारेंची तिथली नोकरी तेवीस वर्षांची झाली होती. खाली भांडी, मधल्या मजल्यावर साड्या, वर खेळणी. रोहिणी साड्यांच्या काउंटरवर होती आणि तिच्या शेजारी सुमनबाई. तिला काम शिकवलं ते सुमनबाईंनीच. पुढे दोघी एकमेकींच्या घरच्याच झाल्या.

नव्या मालकाने इमारत पाडली नाही. कानाला हेडफोन लावून लोकांनी जुनं दुकान फिरून बघावं, अशी सोय केली. त्यासाठी शुभांगी नावाची मुलगी जुन्या नोकरांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करत होती. ती नाशिक रोडला रोहिणीच्या घरी आली. सुमनबाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे आपल्या घरी होत्या, म्हणून त्यांचा आवाज घेतला गेला नाही.

रोहिणी पुराबद्दल बोलू लागली. दोन हजार आठ साली गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं. दुकानाच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक कमरेएवढ्या पाण्यात खांबाला धरून उभे होते. मॅनेजर नुसते ओरडत होते. सुमनबाईंनी कोऱ्या नऊवारी साड्या ओढल्या, गाठी मारल्या, एक टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं आणि दुसरं त्यांच्याकडे फेकलं. ते धरून दोघं वर आले.

"आम्ही साड्या बांधल्या," असं रोहिणी म्हणाली.

शुभांगीने थांबवलं. "काकू, 'आम्ही' नको. 'मी' म्हणा ना. ऐकणाऱ्याला जवळचं वाटतं."

 रोहिणी म्हणाली, "मी साड्यांना गाठी मारल्या."

खरं तर तेव्हा ती कपाटाला टेकून रडत होती.

टूर सुरू झाली तेव्हा तिनेच हौसेने सुमनबाईंना नेलं. मधल्या मजल्यावर सुमनबाई हेडफोन लावून कठड्याशी उभ्या राहिल्या. सगळं ऐकलं. हेडफोन काढून म्हणाल्या, "आवाज छान आलाय गं तुझा."

बसस्टॉपपर्यंत रोहिणीला राहवलं नाही. "ताई, ती पोरगी म्हणाली म्हणून मी..."

"असू दे. एवढं काय त्यात!"

पण नंतर त्यांचा फोन येईना. रोहिणीने केला, की "बरी आहे" म्हणून ठेवायच्या. शेवटी ती घरी गेली. "ताई, तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. मी शुभांगीशी बोलते."

सुमनबाई चहा गाळत होत्या. वळल्याही नाहीत. "आता मी सांगितलं, तर लोकांना वाटेल मीच तुझं चोरलं."

रोहिणी चहा न घेताच उठली.

शुभांगीला ती दोनदा भेटली. "पुढच्या वेळी नक्की बदलू, काकू," एवढंच उत्तर मिळालं.

आता अधूनमधून रविवारी रोहिणी तिथे जाते आणि मधल्या मजल्यावर उभी राहते. येणाऱ्यांच्या कानांना हेडफोन असतात, त्यामुळे बोलायची सोय नसते. एकदा एका बाईने तिचे ओठ हलताना पाहून हेडफोन बाजूला केला.

"काही म्हणालात?"

"त्या साड्या सुमनबाईंनी बांधल्या होत्या. सुमनबाई खैरनार."

"हो, ऐकतेय ना. किती छान सांगतात त्या!" बाईने हेडफोन परत लावला आणि ती खेळण्यांच्या जिन्याकडे गेली.

तो आवाज आपला आहे, हे रोहिणीने तिला सांगितलं नाही.