सिगडी बाहेर ठेवायची नाही

आमच्या ओळीतला दिवस धुराने उजाडायचा. आताच्या गॅसवाल्या पोरींना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. दगडी कोळशाची सिगडी काडी ओढली की पेटली, असं नसायचं. खाली गोवरीचे तुकडे, त्यावर राकेलचे चार थेंब, वर कोळसा, आणि मग चांगला अर्धा तास नुसता धूर. पिवळा, जाड, घशात चिकटून बसणारा. तो धूर निघून गेला, कोळसा लाल झाला, की फडक्याने दोन्ही कडा धरून सिगडी घरात न्यायची आणि भाकरी टाकायची. म्हणजे पेटवायची बाहेर आणि रांधायचं आत. नागपुरात नंदनवनाच्या अंगाला आमची वस्ती होती, तिथे सगळ्याच घरांत अशी रीत. सकाळी बघितलं तर प्रत्येक दारापुढे एक सिगडी धुमसते आहे आणि बाया नळावर बसून एकमेकींच्या सिगडीला नावं ठेवताहेत.

"अवं, तुई सिगडी पेटून राहिली का रडून राहिली?"

"तुया नवऱ्यावानी आहे. आधी धुसफुसते, मग कामाले लागते."

अशी मजा चालायची. मीही हसायची. पण माझ्यासाठी ती अर्ध्या तासाची बाहेरची जागा गमतीची नव्हती. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दमा होता. बारा-तेरा वर्षं मिलमध्ये कापसाच्या खात्यात काम केलं, छातीत कापूस भरला म्हणा ना, आणि शेवटी काम सोडून घरी बसले. आम्ही दोघं आणि आमची पोरगी, घर म्हणजे एक खोली, वर कवेलूचं छप्पर, एक दार आणि हातभर झरोका. त्या खोलीत धूर शिरला की त्यांचा श्वास अडकायचा. खांदे वर चढायचे, मानेच्या शिरा टरारून फुगायच्या, आणि ते माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच त्यांचा श्वास मुठीत धरून ठेवला आहे. मग ओव्याच्या पाण्याची वाफ द्यायची, काळा चहा पाजायचा. त्याला पुन्हा विस्तव लागायचाच. दुपारी लू, म्हणजे उन्हाळ्याचा तापलेला वारा, सुटली, धूळ उडाली, की हमखास धाप लागायची. म्हणून दुपारीही माझी सिगडी बाहेर पेटायची. मी विड्या वळायची, पानं कापता कापता एक डोळा सिगडीवर ठेवायची. माझं घर त्या विड्यांवर आणि त्या सिगडीवर चाललं होतं.

एका वैशाखात आमच्या समोरच्या बाईकडे तिचा भाऊ आला. भाऊ आला म्हणजे रोडगे आलेच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आगीत भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, झणझणीत वरण. तिने दारापुढे गोवऱ्या रचल्या, आग केली, आग बसली तसे रोडगे निखाऱ्यात पुरले आणि वरून राखेचं पांघरूण घातलं. सगळे तसंच करतात. रोडगा राखेत निजला पाहिजे, तेव्हा आतून शिजतो. त्या आगीवर पाणी टाकता येत नाही आणि ती उघडीही ठेवता येत नाही. राखेखाली आहे, आता कुठे जाते, असं म्हणून ती भावाला पाणी द्यायला आत गेली. बोलत बसली. वर्षभराचं बोलायचं होतं.

लूचा एक झपाटा आला. राख उडाली, खालचा विस्तू उडाला, आणि कुडाच्या तट्ट्याला जाऊन चिकटला. मी बघितलं तेव्हा तट्ट्याला बोटभर ज्योत होती. मी ओरडून उभी होईपर्यंत ती छपराला गेली होती. चार घरं गेली. माणसं सगळी निघाली, पण तिची शेळी दावणीला होती. ती दावं सोडायला गेली, दावं पेटलेलं, ते तिने तसंच हातात धरलं. दोन्ही तळहात सोलून निघाले. शेळीही गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर सगळी वस्ती जमली. आमच्याकडे एक गुरुजी होते, शाळेत शिकवायचे, वस्तीची कागदपत्रं तेच लिहायचे. त्यांनी फळा भिंतीला टेकवला आणि खडूने लिहून मोठ्याने वाचलं. होळीपासून मृग लागेपर्यंत सकाळी नऊ ते दिवस बुडेपर्यंत उघड्यावर विस्तव नाही. एरवी बाहेर चूल असेल तिथे भरलेली बादली. राख भिजवल्याशिवाय उकिरड्यावर टाकायची नाही. रोडगे, पानगे मृगानंतर.

एक म्हातारा मागून म्हणाला, "गुरुजी, मृगानंतर गोवऱ्या ओल्या होते. मंग रोडगे का पाण्यात उकडू?"

"उकडा आणि मलेही बोलवा," गुरुजी म्हणाले. लोक हसले.

"आन् बिडी?"

"बिडी ओढा बावा, पण विझवून फेका."

मग त्यांनी विचारलं, कबूल आहे का? सगळ्यात आधी समोरच्या बाईने हात वर केला. हाताला हळदीच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तो हात बघितल्यावर कोण खाली ठेवेल? मीही वर केला. मनापासून केला. मी ती ज्योत पाहिली होती. त्या वेळी माझ्या डोक्यात रोडगे होते, चुली होत्या. सिगडी माझ्या डोक्यात आलीच नाही. सिगडीला आम्ही आग समजतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली. मी सवयीने सिगडी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मागे त्यांचा श्वास शिट्टी मारून राहिला होता, पुढे लख्ख ऊन आणि समोर ती बाई, जळक्या घराच्या जागी बांधलेल्या ताडपत्रीखाली बसलेली. मी सिगडी परत आत आणली. झरोक्याखाली ठेवून पेटवली, पदराने वारा घालत राहिली, धूर झरोक्यातून जाईल म्हणून. धुराला कुठे कळतं! सगळा खोलीत फिरला. ज्या वाफेसाठी मी विस्तव करत होती, ती वाफ होईपर्यंत ते खाटेवरून उतरून उंबऱ्यावर पालथे पडले होते.

नंतर मी काय काय केलं, ते सांगते. नऊच्या आत सगळं उरकून घ्यावं म्हटलं, तर नळ पहाटेपासून साडेआठपर्यंत, आणि आमच्या ओळीला एकच नळ. पाणी सोडलं तर दिवसभर कोरडं. तरी आठ वाजता सिगडी पेटवून आत ठेवायची, तर दोन-अडीच तासांत तिची राख व्हायची, आणि नवा कोळसा टाकला की पुन्हा धूर. लाकडी कोळसा धूर करत नाही, पण तो महाग, इस्त्रीवाल्याने जाळावा. स्टोव्ह होता, पण राकेल राशनचं, मोजकंच. सकाळचा चहा थर्मासात ठेवावा, तर थर्मास कोणाकडे होता? सदर बाजारात दुकानाच्या काचेमागे बघितलेला, तेवढाच.

मी गुरुजींकडे गेली. म्हटलं, "गुरुजी, रोडग्याचं वेगळं. माही सिगडी लोखंडाची, आतून मातीने लिंपलेली. मी बादली घेऊन बाजूले बसतो. लाल झाली का आत नेतो. एवढीच सूट द्या."

 गुरुजींचा स्वभाव कठोर नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही बसाल बादली घेऊन, हे मले माहीत आहे. पण तुमची सिगडी बाहेर दिसली का बाजूचीची दिसन. तिच्याजवळ बादली नसन. मी कोणाकोणाले पाहू?"

"मंग त्यायनं मरावं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं. गुरुजींच्या बायकोने आतून राकेलची बाटली आणून माझ्या हातात दिली. त्यांच्या राशनमधली. मी नको म्हटलं नाही. चार दिवस गेले तेवढ्यात. पाचव्या दिवशी पुन्हा जायला तोंड नव्हतं. त्यांचाही स्टोव्ह बंद पडला होता, ते मला नळावर कळलं.

मग मी चोरी केली. आमच्या घरामागे न्हाणी होती, तीन बाजूंनी तट्ट्याचा आडोसा. दुपारी लोक निजले की तिथे सिगडी पेटवायची, असं ठरवलं. बादली भरून ठेवली. कोळसा धुमसायला लागला. वारा पडलेला होता, मी देवाचेच आभार मानले असते, पण आमच्यात देव नाही, म्हणून गप बसली. कोळशाला लाली येत होती. आणखी थोडा वेळ, म्हणता म्हणता मागून पावलं ऐकू आली.

समोरची बाई. धूर तिला दिसला होता. तिला तर तेव्हा विडीचाही धूर दिसायचा. चिंध्या गुंडाळलेल्या हातांत घागर धरून अनवाणी पळत आली आणि माझ्याकडे न बघता अख्खी घागर सिगडीवर ओतली. भस्सकन वाफ उठली, राखेचा लोट माझ्या तोंडावर आला, आणि आतलं लिंपण तडकल्याचा आवाज झाला.

"काय केलं वं हे!" मी ओरडली. "मी बसली होती ना! बादली आहे ना इथं!"

"मीबी होतो वं बसून," ती म्हणाली. "मी फकत पाणी द्याले उठलो होतो."

"त्यायले धाप लागून राहिली आत. ऐकू येते का तुले?"

"येते. रोज येते. तायपत्रीत सारं ऐकू येते." तिने रिकामी घागर खाली ठेवली. "पण मले धूर दिसला का माहे पाय राहत नाही. मी काय करू, सांग. तू सांग मले, मी काय करू?"

 तिच्या हातांच्या चिंध्या घागरीच्या पाण्याने भिजल्या होत्या, खालून लाल दिसत होतं. मी तिला तिथेच दगडावर बसवलं, कोरडं फडकं आणून बांधलं. ती रडत होती आणि आतून त्यांचा खोकला चालू होता. मी तिचा हात बांधत होती, तेवढा वेळ मी त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हती. मग आत गेली तेव्हा ते म्हणाले, "तिले रागावू नको."

तेव्हापासून त्यांनी स्वतःच एक मार्ग काढला. मी सिगडी आत पेटवायला घेतली की ते डोक्याला ओला गमछा बांधायचे, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचे आणि रस्त्यावरच्या पाणपोईला जाऊन बसायचे. पाणपोईला वर दोन पोत्यांची सावली, बाकी चारी बाजूंनी नागपूरचं ऊन. धूर निघून गेला की मी दारात उभी राहून दुसरा गमछा हलवायची, म्हणजे या. ते उठायचे, दहा पावलं चालायचे, थांबायचे, पुन्हा दहा पावलं. जायला-यायलाच त्यांचा दम संपायचा. धुरातून वाचवलेला श्वास उन्हात सांडून येत होता. एके दिवशी मी गमछा हलवला, हलवतच राहिली, ते उठले नाहीत. पाणपोईवाल्याने आणि मी धरून आणलं. अंग तव्यासारखं तापलेलं.

त्यांची मोठी बहीण उमरेडच्या अलीकडे एका खेड्यात राहायची. निरोप मिळाल्यावर ती आली. दोन मिनिटं खोलीत बसली आणि वर कवेलूकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे रांधणी वेगळी आहे बावा, वाड्याच्या टोकाले. धूर तिकडच्या तिकडे जाते. तू चाल."

"आन् हे?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"येईन ना तेबी."

मी कशी जाणार होती? विड्यांचं काम रोज नेऊन द्यावं लागे, एक दिवस चुकला तर ठेकेदार पानं दुसरीला द्यायचा. पोरगी सातवीत, तिची शाळा इथेच. मी म्हटलं, "मृग लागला का या. पंधरा-वीस दिवसाचा प्रश्न आहे."

बस स्टँडवर मी त्यांना खिडकीजवळ बसवलं. खिडकी बंद करू का, धूळ येईल, म्हटलं. ते म्हणाले, "राहू दे, हवा येते." गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघंही दुसऱ्याच गोष्टी बोललो. पोरीच्या चपला, कवेलू फिरवायचे राहिले ते.

ते मृगात आले. तिकडे त्यांना बरं होतं, अंगावर मांस चढलं होतं, हे कोणालाही दिसत होतं. पण पावसाळ्यात ओली गोवरी पेटत नाही, धूर दुप्पट, आणि पाऊस लागला की सिगडी बाहेर ठेवता येत नाही. आठ दिवसांत शिट्टी पुन्हा सुरू झाली.  न्यायला ये, असं बहिणीच्या पोराला पोस्टकार्ड त्यांनीच लिहिलं. त्यानंतर ते तिकडेच राहायला लागले. सणावाराला येत, दोन-तीन दिवस राहत, तेवढे दिवस मी शेजारणीकडून भाकरी टाकून आणायची.

तो नियम वाईट होता, असं मी आजही म्हणत नाही. आमच्या वस्तीत पुन्हा घर जळलं नाही. समोरच्या बाईचं छप्पर झालं, हात बरे झाले, बोटं मात्र पूर्ण मिटत नव्हती. माझ्या फुटक्या सिगडीला तिनेच नवं लिंपण करून दिलं, त्या न मिटणाऱ्या बोटांनी.

त्यांना पहिल्यांदा बसमध्ये बसवून मी घरी आली, त्या दिवशी दुपारी पोरगी भुकेली होती. मी दार लोटून घेतलं आणि झरोक्याखाली सिगडी पेटवली. धूर उठला, कवेलूला लागला, खाली आला, सगळी खोली भरली. पोरगी म्हणाली, "आई, दार उघडू का?" मी म्हटलं, "काहून? आता कोण आहे घरात?"