शितोळे सरांची बेचाळीस कार्डं

कल्पना करा, तुम्ही नववीच्या वर्गात उभे आहात. समोर बेचाळीस मुलं. तरंगण्या-बुडण्याचा धडा नुकताच संपलाय आणि तो कुणाकुणाला कळला, हे तुम्हाला घंटा व्हायच्या आत शोधायचं आहे. तुम्ही प्रश्न विचारता. तीन हात वर होतात. कालचेच तीन. उरलेल्या एकोणचाळीस डोक्यांत काय चाललंय? तुमच्याजवळ खडू आहे, डस्टर आहे आणि काचेला तडा गेलेला एक फोन आहे. काय कराल?

विश्वासराव शितोळे यांनी यावर छत्तीस वर्षं एकच उपाय केला. धडा संपला की ते विचारत, "समझ में आया?" वर्ग सुरात म्हणे, "जी सऽऽर." मग सर पुढच्या धड्याकडे वळत.

टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि ग्वाल्हेरातच राहिले. फौज गेली, शिस्त राहिली. सरांच्या घरी चपलासुद्धा रांगेत असतात. निवृत्तीला आता दीड वर्ष उरलंय, आणि तोवर सगळं असंच सुरळीत चालेल असं त्यांना वाटत होतं. पण गेल्या सहामाहीचे पेपर तपासताना ते थांबले. ज्या धड्याला सगळा वर्ग 'जी सर' म्हणाला होता, त्याच धड्याच्या प्रश्नाखाली एकोणतीस जणांनी जागा कोरी सोडली होती.

"म्हणजे माझ्याशी खोटं बोलतात?" त्यांनी घरी पत्नीला, शांताताईंना, विचारलं.

"खोटं कशाला? भितात तुम्हाला."

"मी कधी कुणाला हात लावला?"

"हात कशाला लावायला हवा? तुम्ही बघता ना, तेवढं काफी आहे!"

सर हसले नाहीत. निवृत्त होण्याआधी एकदा तरी वर्गाकडून खरं उत्तर मिळावं, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी इंदूरला मुलीला, सोनिकाला, फोन लावला. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"बाबा, हात वर करायला लावू नका. कार्ड वर करायला लावा."

"कसलं कार्ड?"

सोनिकाने समजावून सांगितलं. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या चौकटींची एक नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे अ, ब, स, द ही चार उत्तरं. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. सरांनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर येतं. मुलांकडे फोन लागत नाही आणि कुणाला तोंड उघडावं लागत नाही.

"आणि इंटरनेट गेलं तर?"

"बाबा, आधी कार्डं तर बनवा!"

कार्डं छापून झाली. पण शितोळ्यांच्या घरातली वस्तू नुसत्या कागदाची राहणं शक्य नव्हतं. सर ती घेऊन दौलतसिंहाच्या दुकानात गेले आणि बेचाळीसच्या बेचाळीस लॅमिनेट करायला सांगितली.

"मास्साब, ऐसी चकाचक करूँगा कि आपके रिटायर होने के बाद भी चलेंगी," दौलतसिंह म्हणाला.

"रिटायर होने के बाद मैं चल लूँ, इतना बहुत है."

दुसऱ्या दिवशी सरांनी सोपा प्रश्न विचारला. बेचाळीस कार्डं वर झाली. त्यांनी फोन फिरवला. पडद्यावर आकडा आला, अकरा. पुन्हा फिरवला. नऊ. खिडकीतून येणारं ऊन प्लास्टिकवर चमकत होतं आणि फोनला नक्षीच दिसत नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, मोबाइल फेल हो गया!" वर्ग खदखदून हसला. सरांनी बघितलं, तेवढ्याने वर्ग चूप झाला. त्यांनी कार्डं गोळा केली आणि फळ्यावर शिकवायला सुरुवात केली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी दीक्षा सोनी येऊन उभी राहिली. वर्षभरात या मुलीचा आवाज सरांनी हजेरीपुरताच ऐकला होता. तिचे वडील सराफ्यात दागिन्यांना पॉलिश करतात. तिने गोळा करताना राहिलेलं एक कार्ड टेबलावर ठेवलं. त्याची अर्धी बाजू चमकत होती, अर्धी मंद झाली होती.

"सर, पापा चमक उतारने के लिए रेगमाल मारते हैं. मैंने आधे पर मारा."

रेगमाल म्हणजे पॉलिश कागद. तो अगदी बारीक दाण्याचा हवा, हेही तिने सांगितलं आणि ती पळाली. पुढच्या तासाला अख्खा वर्ग कार्डं घासत बसला. बाकांवर पांढरी पूड, वर्गभर खरखर, आणि शितोळे सरांच्या तासाला मुलं आपापसात बोलतायत, असं शाळेने कधी पाहिलं नव्हतं. मग सरांनी फोन फिरवला. बेचाळीस.

इथवर यंत्राचा प्रश्न होता. पुढचा घोळ सरांनी स्वतः केला. पडद्यावर नावानिशी चूक आणि बरोबर दिसायला लागलं, तशी त्यांची जुनी सवय जागी झाली. पेपर वाटताना ते चुकणाऱ्यांची नावं मोठ्याने वाचत, तशी त्यांनी आता फोनवरून वाचली. एकोणीस नावं. खणखणीत आवाजात.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न होता: काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फ तरंगतोय, तो वितळल्यावर पाण्याचं काय होईल? अ, सांडेल. ब, कमी होईल. स, तेवढंच राहील. फोन फिरला. एकेचाळीस जणांनी अ म्हटलं होतं. 'स', म्हणजे बरोबर उत्तर, एकाच कार्डावर होतं. ते दीक्षाचं.

सरांना आधी फोन बिघडला असं वाटलं. मग त्यांनी बाकांकडे पाहिलं आणि लक्षात आलं. मोहित पहिल्या बाकावर बसतो. वर्गात पहिला येतो. वर कोणती बाजू हे मुलांना कळावं म्हणून सरांनी कार्डांच्या पाठीवर लाल अक्षरं काढली होती, चांगली टपोरी. मागच्यांना मोहितच्या कार्डाची पाठ दिसत होती. मोहितने अ धरलं, वर्गाने अ धरलं. आज मोहित चुकला आणि चाळीस मुलं त्याच्या मागोमाग चुकली.

संध्याकाळी त्यांनी सोनिकाला सगळं सांगितलं. ती हसत सुटली.

"बाबा, ती अक्षरं मुद्दाम बारीक छापलेली असतात! कॉपी होऊ नये म्हणून. आणि नावं का वाचलीत?"

"चूक कळायला नको?"

"त्यांची चूक तुम्हाला कळायला हवी होती ना? अख्ख्या वर्गाला कशाला?"



दुसऱ्या दिवशी ते घरून स्टीलच्या थर्मासात बर्फ आणि काचेचा ग्लास घेऊन गेले. आधी मोहितला शेवटच्या बाकावर पाठवलं. तो रडवेला झाला. "सज़ा नहीं है रे," सर म्हणाले, "पीछे से पूरी क्लास दिखती है. मज़े कर." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "आज से कोई नाम नहीं पढ़ूँगा. परसों पढ़े, वो मेरी ग़लती थी." सरांच्या तोंडून 'मेरी ग़लती' हे शब्द ऐकून दोन-तीन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

कालचाच प्रश्न त्यांनी पुन्हा लिहिला आणि खाली चौथा पर्याय जोडला. द, मला माहीत नाही.

फोन फिरला. सव्वीस मुलांनी द धरलं होतं.

सव्वीस! छत्तीस वर्षांत एवढ्या मुलांनी त्यांना एकदम इतकं खरं कधी सांगितलं नव्हतं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या आकड्याचा फोटो काढायचं ठरवलं, पण कॅमेरा त्याच फोनमध्ये होता. मग त्यांनी तो फळ्यावरच लिहून काढला, मोठा, आणि खाली रेघ मारली.

ग्लास टेबलावर ठेवला. काठोकाठ पाणी, वर बर्फ. मुलं बाकं सोडून भोवती जमली. "सर, गिरेगा!" "अरे, हाथ मत लगा!" "मोहित, तू हट, तूने कल सबको डुबोया था!" मोहितसुद्धा हसला. बर्फ अर्धा वितळला तेव्हा सरांनी पुन्हा कार्डं वर करायला सांगितली. या वेळी त्यांचं लक्ष पडद्यापेक्षा मुलांकडे होतं. एका मुलाने अ धरलं, ग्लासाकडे नजर टाकली, हळूच स केलं. पुन्हा अ केलं. ओठ चावले. डोळे बारीक केले. परत स. मग घट्ट धरलं.

घंटेच्या आधी बर्फ संपला. एक थेंब सांडला नाही. पडद्यावर छत्तीस 'स' होते.

घरी येऊन सरांनी चहासुद्धा घेतला नाही, आधी इंदूरला फोन लावला. छत्तीसची बातमी सांगून झाली, सोनिकाचं कौतुक ऐकून झालं. मग ते म्हणाले, "पण सोनू, फोनने त्या मुलाचा फक्त शेवटचा स लिहिला. त्याच्याआधी तो तीन वेळा फिरला. खरा विचार तर त्या फिरण्यातच होता. तो कुठे दिसतो गं?"